पाण्यातून दिसलेली मावरा

वाळुंजाच्या फांद्यांच्या रविवारी, ईस्टर आठवड्यावर आलेला असताना, मी व्होल्गेत बुडाले आणि वर आले. बुडणारे पुष्कळ असतात, वर येणारे थोडे. म्हणून सांगते.

मी उस्तिन्या. क्रुतोबेरेगच्या परामोन लुकिच चितार्‍याची बायको. परामोन लहानपणी संतांची चित्रं काढणार्‍यांच्या हाताखाली शिकला आणि पुढे गावातल्या व्यापार्‍यांचे, त्यांच्या बायकांचे चेहरे रंगवू लागला. रंग मी घोटायचे. झालरी, मोत्यांचे सर, गुंड्या हे बारीक कामही माझंच, कारण त्याचा हात जड. राजधानीतल्या चितार्‍यांसारखं जवळचं-लांबचं त्याला येत नसे. त्याच्या चित्रातलं टेबल आता अंगावर घसरतंय असं वाटायचं. पण माणूस मात्र ओळखू यायचा, अगदी मसातिळासकट. एका धान्यवाल्याच्या बायकोनं हळूच सुचवलं होतं, "तो हनुवटीवरचा तीळ राहू दे हो, परामोन लुकिच." यानं तो राहू दिला! वर्षभर ती बाई रस्त्यात माझ्याशी बोलली नाही.

तर त्या रविवारी पलीकडच्या काठावर बाजार होता. रंगात घालायचं जवसाचं तेल तिकडे चांगलं मिळतं, म्हणून मी सकाळीच नदीवरून चालत गेले होते. बर्फ काळपट पडला होता, कडेला पाणी चकाकत होतं. पण आमच्याकडची माणसं अशीच. काल अमका गेला ना, मग आज आपणही जाऊ, असं म्हणत शेवटच्या दिवसापर्यंत जातात. परतताना आम्ही बारा जण होतो, रांगेनं चाललेले. समोर आमचा उंच काठ, त्यावर कठड्याशी गर्दी, चर्चमधून लोक नुकतेच बाहेर पडलेले, प्रत्येकाच्या हातात वाळुंजाची फांदी. घंटा वाजत होत्या.

बर्फ फुटताना बंदूक उडाल्यासारखा आवाज होतो म्हणतात. मला तर जाड कापड टरकन फाडल्यासारखं वाटलं. मग पायाखालचं सगळं तिरकं झालं आणि मी गळ्यापर्यंत पाण्यात!

मावरा परटीण तेव्हा काठापासून शंभरेक पावलांवर, बर्फातल्या भोकाशी बसून कपडे खळबळत होती. सणाच्या रविवारी धुणं धुणं हे पाप. तासाभरापूर्वीच फादर निकान्द्र यांनी भर चर्चमध्ये तिच्या नावानं तोंडसुख घेतलं होतं. पण आमचे नगरशेठ अव्देय सिलिच यांच्या घरच्या ईस्टरच्या चादरी सोमवारी सकाळी इस्त्री होऊन पोचायच्या होत्या. मावरा बिचारी काय करणार? विधवा बाई. वीस हिवाळे तिनं त्या नदीवर काढले होते. बर्फ नुसता ऐकून तो किती जाड आहे ते ती सांगायची.

ती एकटीच ओरडली ते मला ऐकू आलं. "उभं राहू नका! पोटावर पडा! हात पसरा!"

काठावर शंभर माणसं असतील. किंकाळ्या, हंबरडे, प्रार्थना. खाली कोणी येईना. मावरा मात्र पोटावर सरपटत निघाली. घसरगाडी पुढे ढकलत, ओल्या चादरी पाठीवर टाकून. एका चादरीला पीळ, तिला दुसरीची गाठ, तिला तिसरीची. घसरगाडीला एक टोक आणि दुसरं टोक सपकन पाण्यात! पहिला निघाला लोहार. मग त्याचा भाऊ. लोहाराला तिनं तिथेच दम दिला, "पळायचं नाही! माझे पाय धरून पालथा पड. तू माझा खुंटा." आणि तो खुंटा झाला.

मी सातवी. माझ्या काखेत तेलाची बाटली होती आणि ती मी सोडलीच नव्हती. आता हसू येतं, पण तेव्हा एवढंच सुचत होतं की हे तेल गेलं तर परामोन काय म्हणेल. डोक्यावर सावली पडली. मी वर पाहिलं.

खरं सांगते, आभाळ नव्हतंच. सगळीकडे मावरा होती. लाल हात, डोक्याला ओला रुमाल, उघडं तोंड. आमच्या चर्चच्या मनोर्‍यापेक्षा मोठी.

"बाटली सोड!"

"तेल आहे..."

"तेलाच्या आईला! चादर धर!"

"बोटात जीव नाही गं, मावरा!"

"मग दातांनी धर, भवाने!"

मी दातांनी धरली. चादरीला साबणाची चव होती. मला तिनं बर्फावर ओढलं ते मासा ओढावा तसं, आणि लगेच आठव्याकडे वळली. एकूण अकरा जण तिनं काढले. बारावा एक म्हातारा होता, वाळुंजाच्या फांद्या विकणारा, कुठून आला कोणालाच माहीत नव्हतं. त्यानं आपली फांद्यांची मोळी शेजारच्या बुडणार्‍या बाईकडे ढकलली. ती मोळीला धरून तरंगली आणि वाचली. तो मात्र नंतर दिसला नाही.

मी आठ दिवस अंथरुणात होते. परामोन उशाशी बसून राहिला. कुंचल्याला हात लावला नाही त्यानं. तेलाबद्दल एकदाही विचारलं नाही.

ईस्टरनंतर नगरशेठ स्वतः आमच्या घरी आले. अव्देय सिलिच म्हणजे आडव्या अंगाचा माणूस, दाढी कमरेपर्यंत, धान्याच्या नावा निझ्नी शहरापर्यंत जाणार्‍या. आल्या आल्या भिंतीवरचं संतचित्र पाहून छातीवर क्रूस केला आणि खुर्ची करकरवत बसले.

"परामोन, गव्हर्नरसाहेबांना कळवलंय. मावराला जीव वाचवल्याचं चांदीचं पदक मिळणार. आपल्या गावात पहिलंच! तेव्हा नगरसभेच्या दिवाणखान्यात त्या प्रसंगाचं चित्र लागलं पाहिजे. भिंतीएवढं."

परामोनचे कान लाल झाले. तो आनंदला की त्याचे कानच आधी लाल होतात. "भिंतीएवढं? खरंच भिंतीएवढं, अव्देय सिलिच?"

"कापड मी देतो. मी काठावर उभा, असा," म्हणत ते उठले आणि उजवा हात पुढे लांबवला. "हुकूम सोडताना. समजलं? कोट कोल्ह्याच्या कातड्याचा. आणि खाली नदी, बर्फ, लोक. मावराला पण घाल."

"घालतो."

"जूनअखेर, पीटर संताच्या सणाला पदक द्यायचंय. तोपर्यंत तयार हवं. मी उद्याच निझ्नीला निघतोय, आदल्या दिवशी परतेन."

ते गेले आणि परामोन खोलीत येरझारा घालू लागला. पन्नाशीचा माणूस, पण अगदी पहिल्यांदा बर्फ पाहिलेल्या वासरासारखा! आजवर सगळी चित्रं हातभर रुंदीची, छातीपर्यंत माणूस, हातात पुस्तक नाहीतर फूल. आता भिंत! भुसाराच्या कोठारात चौकट ठोकली, सात हात रुंद, पाच हात उंच. कापड ताणायला लोहार आणि त्याचा भाऊ आले. मी घोटून घोटून दंड दुखवून घेतले. नदीचा रंगच बादलीभर लागणार होता.

पण अडचण अशी की परामोन त्या दिवशी काठावर नव्हताच, तापानं घरी पडला होता. त्यानं काहीच पाहिलं नव्हतं. आणि न पाहिलेलं तो काढत नसे. मग त्यानं वाचलेल्या अकराही जणांना एकेक करून बोलावलं. कोठारात बसवायचा, चेहरा उतरवायचा आणि काढता काढता विचारायचा, "तू पाण्यात होतास. काय दिसलं?"

लोहार म्हणाला, "मावरा."

"केवढी?"

लोहारानं दोन्ही हात पसरले, पुरेनात म्हणून उठून उभा राहिला. "एवढी. नाही, याहून मोठी."

ज्या बाईला मोळीनं तारलं ती म्हणाली, "डोंगर आला असं वाटलं. डोंगराला हात होते."

"आणि काठ दिसला?"

"दिसला की. हा एवढासा."

"काठावर नगरशेठ होते. ते केवढे दिसले?"

बाईनं जरा विचार केला आणि अंगठा वर केला. "एवढे. कोट ओळखला म्हणून कळलं."

दहा जणांना विचारलं, दहाही जणांनी हेच सांगितलं. शेवटी अकरावी मी, मला विचारलं. मी म्हटलं, "लुकिच, आभाळ नव्हतं. मावराच होती." त्यानं मान हलवली आणि कोळशानं कापडावर पहिली रेघ ओढली, तळापासून थेट वरच्या कडेपर्यंत.

"अरे, हिचं डोकं चौकटीला लागतंय," मी म्हटलं.

"लागू दे."

"आणि नगरशेठ?"

"अंगठ्याएवढे. अकरा साक्षीदार आहेत."

मला घाम फुटला. पण खोटं कसं बोलू, पोटात गुदगुल्याही झाल्या.

आता मावराला बसवायचं. ती येईचना. "मला धुणी आहेत" म्हणून तिनं आम्हाला दोनदा परत पाठवलं. तिसर्‍यांदा मीच तिच्या पाटीतले अर्धे कपडे घेऊन आले, "मी खळबळते, तू बस." ती आली, खुर्चीच्या कडेवर टेकली आणि हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना.

"व्यापारिणी फूल धरतात," परामोन म्हणाला.

"मी फूल धरून काय करू? पिळू?"

मग मीच तिच्या हातात ओली चादर दिली. चादर हातात आली आणि बाई सरळ बसली! पीळ घालत राहिली, परामोन काढत राहिला. पण त्याला ती खालून बघायची होती. म्हणून तिला टेबलावर चढवलं आणि हा पठ्ठ्या जमिनीवर उताणा झोपला, छातीवर फळी, फळीवर कागद.

"वाक अजून! ओरड! त्या दिवशी ओरडली होतीस तशी!"

"घरात कशी ओरडू? लाज वाटते."

"मी बुडतोय, मावरा! बोटात जीव नाही!"

"मग दातांनी धर, भवान्या!" ती गरजली, आणि तेवढ्यात खिडकीतून शेजारच्या अग्राफेनानं आत डोकावलं. तिनं पाहिलं काय, तर माझा नवरा जमिनीवर उताणा, परटीण टेबलावर, आणि मी टाळ्या वाजवतेय. दुपारपर्यंत सबंध गावभर झालं. आम्ही तिघं डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो.

हसू ओसरल्यावर मावरा टेबलावरून उतरली आणि म्हणाली, "परामोन लुकिच, त्या म्हातार्‍यालाही घाल. फांद्यावाल्याला."

"त्याचा चेहरा कोणालाच आठवत नाही गं. सगळ्यांना विचारलं मी."

"मलाही नाही आठवत. मी वळले तेव्हा तो पाठमोरा होता. पाठमोराच घाल. अकराच घातलेस तर मी नाही बसणार."

त्यानं घातला. पाण्याच्या वरती म्हातार्‍याची पाठ, गोणपाटाचा कोट, पांढरे केस. आणि त्याच्या पुढे तरंगणारी मोळी. त्या फांद्यांवरची मऊ करडी बोंडं मी रंगवली, एकेक करून. दोन दिवस गेले.

बाकीचे अकरा चेहरे पाण्यात मांडले होते, ताटात फळं मांडावीत तसे. पाणी असूनही सगळ्यांच्या गुंड्या दिसत होत्या, कारण परामोनचं म्हणणं, गुंड्या होत्या तर दिसल्याच पाहिजेत. मधोमध मावरा. दोन्हीकडे पसरलेले हात, दोन्ही हातांत चादरी, आणि चादरींच्या कोपर्‍यावर नगरशेठांच्या बायकोनं माहेरून आणलेली लाल नक्षी. ती मी टाका न् टाका उतरवली. अगदी वर, मावराच्या कानाच्या शेजारी, बोटभर रुंदीचा काठ, घंटाघर, कठडा आणि अंगठ्याएवढे अव्देय सिलिच, एक हात पुढे केलेला. हाताचं त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, म्हणून परामोननं तसंच काढलं होतं.

पीटर संताचा सण उजाडला. ऊन असं की दगड तापलेले. नगरसभेच्या इमारतीपुढे चौकात सगळं गाव लोटलं होतं, पलीकडच्या काठावरूनही नावा भरभरून आलेल्या. क्वासवाल्याची आंबूस थंडगार पेयाची दोन पिंपं तासाभरात संपली. चित्र चादर टाकून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. अव्देय सिलिच रात्री उशिरा परतले होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. परामोनचे कान बीटासारखे लाल झाले होते. मावरा धुतलेला निळा पोशाख घालून उभी होती, हात पाठीमागे लपवून.

गव्हर्नरसाहेबांच्या कचेरीतून आलेल्या साहेबांनी कागद वाचला, पदक मावराच्या छातीवर लावलं. मावरा म्हणाली, "कशाला एवढं," आणि लोकांनी टोप्या उडवल्या. मग नगरशेठांनी खूण केली आणि लोहारानं चादर ओढली.

सगळ्यांच्या माना एकदम वर गेल्या.

मग कोणीतरी हुंदका दिला. मोळीनं वाचलेली बाई गुडघ्यांवर बसली. "हे असंच होतं," ती म्हणाली, "देवाशपथ असंच होतं." मग एकच गलका! "तो बघ लोहार!" "अगं उस्तिन्या, बाटलीपण काढलीय!" "म्हातारा... म्हातारा पण आहे रे!" फांद्यावाल्याकडे बोट गेलं तशा टोप्या पुन्हा डोक्यांवरून उतरल्या. मावरा स्वतःकडे बघत तोंड उघडं टाकून उभी. "माझा रुमाल इतका स्वच्छ नव्हता," एवढंच तिला सुचलं.

अव्देय सिलिच चित्रात स्वतःला शोधत होते. आधी मध्ये पाहिलं. मग डावीकडे, उजवीकडे. मग साहेबांनीच चष्मा सावरत वर बोट दाखवलं, "हे तुम्ही का?"

नगरशेठ टाचा उंचावून बघू लागले. आणि गर्दीतून कुठलासा नावाडी ओरडला, "अव्देय सिलिच, खिशात घालून नेऊ का तुम्हाला घरी?"

"शेठपेक्षा शेठच्या चादरी मोठ्या!" दुसरा कोणी.

हशा असा उसळला की कबुतरं उडाली. नगरशेठांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा, मग चुन्यासारखा पांढरा. "परामोन," ते म्हणाले, फार हळू, "हे काय आहे?"

"पाण्यातून दिसलं ते, अव्देय सिलिच," परामोन म्हणाला. त्याच्या आवाजात खोडी नव्हती, हे मी शपथेवर सांगते. "मी स्वतः पाहिलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं त्यांना विचारलं."

"उचला ते! आगबंबाच्या छपरीत टाका!"

पहारेकरी पुढे झाले. पण आम्ही अकरा जण कधी चित्रापुढे जाऊन उभे राहिलो ते आम्हालाही कळलं नाही. कोणी कोणाला खूण केली नव्हती. लोहारानं बाह्या सरसावल्या. आता काहीतरी होणार असं वाटलं, तोच मावरा मध्ये पडली. "अरे, भांडता काय? रंग ओला आहे अजून! धक्का लागला तर म्हातारा पुसून जाईल. उन्हातून हलवा, पण हळू. मी पुढचा कोपरा धरते."

आणि तिनं धरला. पहारेकर्‍यांनी आणि आम्ही मिळून चित्र छपरीत नेलं. नगरशेठ तोवर घरी निघून गेले होते.

"आता तुला कोण काम देणार?" घरी आल्यावर मी विचारलं. "सगळे व्यापारी त्यांच्या शब्दातले. थोडे मोठे केले असतेस तर? एक वीतभर?"

परामोननं विचार केला. त्याला खोटं सुचत नाही, पण तो विचार जरूर करतो. "काय करताना मोठे करू, उस्तिन्या? त्यांनी काय केलं ते मला माहीत नाही. विचारायला हवं होतं. माझंच चुकलं."

दुसर्‍या दिवशी सकाळी मी चहाचा समोवार पेटवत होते. दारात अव्देय सिलिच! एकटेच, कोट नाही, टोपी नाही. मी आत बोलावलं. ते चहाकडे न बघता परामोनसमोर बसले.

"मला मोठा कर," ते म्हणाले. "निदान हाताएवढा. बाकी काही बदलू नको. साहेब अहवाल लिहिणार आहेत."

"करतो," परामोन म्हणाला आणि कोळसा उचलला. "तुम्ही त्या वेळी काय करत होता तेवढं सांगा. हातात काही तरी पाहिजे. हात रिकामा चालत नाही चित्रात."

"सांगितलं की. हुकूम देत होतो."

"कोणाला?"

"लोकांना."

"काय हुकूम दिला?"

समोवार सूं सूं करू लागला. मी तिथून हलायला हवं होतं, पण पाय निघेना.

"काय म्हणालात, अव्देय सिलिच? शब्द सांगा, म्हणजे तोंड तसं काढतो."

"काही नाही म्हणालो," ते म्हणाले. मग एकदम बांध फुटल्यासारखं, "काही नाही! तीस वर्षं नावा घेऊन जातोय मी या नदीवरून. वादळ पाहिलंय, लुटारू पाहिलेत. आणि त्या दिवशी माझे पाय हललेच नाहीत. उतरायच्या पायर्‍या माझ्यापासून चार पावलांवर होत्या, परामोन. चार! मी कठडा धरून उभा होतो. दोन्ही हातांनी. इतका घट्ट की नंतर बायकोनं बोटं सोडवली. ती बाई माझ्याच चादरी घेऊन सरपटत होती आणि मी कठडा धरून उभा!"

परामोननं कोळसा खाली ठेवला. मी चहाचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला.

"माझा नवराही तापात घरी पडला होता," मी म्हटलं. काहीतरी बोलायला हवं म्हणून.

"तापात पडलेल्याला कोण विचारतं?" ते म्हणाले. चहा संपला, मिशा पुसल्या आणि उठले. दाराशी जाऊन वळले. "तो हात बदल."

"मोठा करू?"

"मोठा कशाला? तेवढाच राहू दे मला. पण तो पुढे केलेला हात खोटा आहे. कठडा धरलेला काढ. दोन्ही हातांनी."

परामोनचे कान लाल व्हायला लागले. "अव्देय सिलिच, तुम्ही खरंच..."

"आणि ते छपरीतून काढा! पाऊस आला तर छप्पर गळतं," ते खेकसले, नेहमीच्या आवाजात. "आजच दिवाणखान्यात लावा. साहेबांनी काय लिहायचं ते लिहू देत."

आम्ही धावलो! मी पायात जोडेही घातले नव्हते. परामोन छपरीतच शिडीवर चढला आणि सर्वात बारीक कुंचला, जो खरं तर माझा, तो घेऊन श्वास रोखून त्यानं तो हात पुसला, दोन बारीक हात काढले, कठड्यावर टेकवले. नखाएवढं काम. तेवढ्यात बातमी पसरली, छपरीपुढे पुन्हा गर्दी. कालचा नावाडीही होता. त्यानं वर पाहिलं, हात पाहिले, आणि त्याला विनोद सुचला नाही. "मी पण तिथेच होतो की रे कठड्याशी," तो म्हणाला, "मला का नाही काढलंस?" "मलाही!" "मीपण हललो नव्हतो!" असं करत करत सतरा जण पुढे आले. परामोननं सगळ्यांना कठड्याशी उभं केलं, प्रत्येकाचे दोन्ही हात कठड्यावर. संध्याकाळी चित्र भिंतीवर चढलं आणि नगरसभेच्या कारकुनाचं टेबल त्याच्यासाठी दुसर्‍या खोलीत गेलं.

उन्हाळा संपेपर्यंत आमच्या दाराशी माणसांची रीघ. सगळ्यांना मोठं व्हायचं होतं. "मला घराएवढा काढ," असं पलीकडच्या गावचा कातडेवाला म्हणाला. परामोन शांतपणे विचारायचा, "कोणाला दिसलात घराएवढे? त्याला घेऊन या." पुष्कळ जण चिडून जायचे. पण चारपाच जण खरंच कोणाला तरी घेऊन आले, आणि ती चित्रं त्याच्या हातून निघालेल्या चित्रांत सगळ्यात देखणी.

नोव्हेंबरात नदी गोठू लागली. पहिला बर्फ धरला त्या सकाळी मी खिडकीतून पाहिलं तर काठावर माणसंच माणसं, प्रत्येकाच्या कमरेला दोर. अव्देय सिलिचनी नवे दोर, फळ्या, लांब शिड्या आणून ठेवल्या होत्या आणि मावराच्या दारी जाऊन, टोपी हातात घेऊन, गावाला बर्फ ऐकायला शिकव म्हणून विनवलं होतं. मावरा छातीवर पदक लावून सगळ्यांच्या पुढे. "बूट आपटत चालू नका! ऐका! हा टणटण वाजतो तो बर्फ चांगला. थपथप वाजला की मागे फिरा."

परामोन आणि मी काठाशी धावत गेलो. बर्फावर पहिला कोण उतरणार यावर कुजबुज चालली होती. अव्देय सिलिचनी कमरेची गाठ पुन्हा एकदा तपासली, क्रूस केला आणि पायर्‍या उतरू लागले. एक, दोन, तीन, चार. चेहरा मेणासारखा. बर्फावर पाय ठेवला तसा तो करकरला, आणि काठावरच्या बायकांनी तोंडावर हात घेतला.

"पालथे पडा, शेठ!" मावरा ओरडली. "पालथे! पोट आत ओढू नका, ते टेकवा! तेवढं पोट आहे तर त्याचा उपयोग होऊ दे!"

अव्देय सिलिच व्होल्गेवर पालथे पडले आणि सरपटू लागले. त्यांच्या मागून लोहार, लोहाराच्या मागून नावाडी. मावरा पुढे, हातानं बर्फ ठोकत. आणि माझ्या शेजारी परामोन नव्हताच. मी वळून पाहिलं तर तोही कमरेला दोर बांधून पायर्‍या उतरत होता आणि मोठ्यानं विचारत होता, "मावरा, मी कोणाचे पाय धरू?"